तुम्ही विचारलंत म्हणून: राउटर अपडेट करू का, आणि त्यात दुसरं फर्मवेअर (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकू का?

सांगलीत विश्रामबागला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, आधी लॅपटॉप-प्रिंटर जास्त यायचे, आता राउटर येतात. वायर गुंडाळून, अँटेना दुमडून, पिशवीतनं काढून काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "ताई, नेट लई हळू चालायलंय, ह्याला अपडेट मारून बघायचं का?" कॉलेजचं पोरगं असलं की त्याच्या पुढचं विचारतं, "ओपनडब्ल्यूआरटी टाकून देता का? कंपनी टाकूच देत नाही म्हणतात, असं का?" (ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे कंपनीचं नसलेलं, लोकांनी मिळून केलेलं राउटरचं फर्मवेअर.) दुकानात चार माणसं उभी असताना अर्धंच सांगून होतं, म्हणून आज बसून सगळं लिहिते.

अपडेट मारा. मारायलाच पाहिजे. पण नेट पळायला लागेल म्हणून मारू नका, ते होईलच असं नाही, कधी राउटर जिन्याखाली ठेवलेला असतो आणि वायफाय पाहिजे असतं माडीवर, त्याला फर्मवेअर काय करणार. अपडेट मारायचं ते सुरक्षेतली भोकं बुजवायला. राउटर म्हणजे छोटा कॉम्प्युटरच आहे, त्यात प्रोसेसर आहे, रॅम आहे, आणि बहुतेकांच्या आत लिनक्स नावाची सिस्टिम चालते. मोबाइलला दर महिन्याला अपडेट आलं की आपण रात्री चार्जिंगला लावून मारतो, आणि हा डबा, ज्यातनं घरातल्या सगळ्या मोबाइलचं, बँकेचं, पोरांच्या अभ्यासाचं सगळं जातं, तो विकत आणल्या दिवसापासून तसाच. 2017 च्या ऑक्टोबरात डब्ल्यूपीए-टू ह्या वायफायच्या सुरक्षेच्या पद्धतीतच खोट सापडली, क्रॅक नाव पडलं तिला, मोबाइल, लॅपटॉप, राउटर सगळ्यांना कमीजास्त अपडेट लागलं. मग 2018 च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचं व्हायरससारखं सॉफ्टवेअर उघडकीला आलं, 54 देशांत मिळून किमान 5 लाख राउटर आणि तसली यंत्रं त्यानं धरली होती, आणि घरच्या माणसांना पत्ताही नव्हता कारण नेट तर चालूच होतं.

हे लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरनं काकांचा फोन आला, बँकेची साइट उघडली की भलतंच पान येतंय, मोबाइलच्या नेटवर बरोबर, पेढीच्या वायफायवर चुकीचं. मी गेले. राउटर तिजोरीच्या वर, जाळीत हळदीची पूड बसून पिवळा झालेला, हातात घेतला तर माझी बोटंपण पिवळी. आत शिरले, पासवर्ड अॅडमिन-अॅडमिनच होता, आणि डीएनएसच्या रकान्यात कुणीतरी परके दोन आकडे भरून ठेवलेले. म्हणजे पेढीतनं कुठलंही नाव टाकलं की ते पत्ता विचारायला तिसऱ्याच माणसाकडे जात होतं आणि तो सांगेल तो पत्ता खरा. काकांनी त्या दोन दिवसांत बँकेचा पासवर्ड टाकला नव्हता, "पान वेगळं दिसलं म्हणून हात आखडता घेतला" म्हणाले, तेवढ्यानं वाचले.

आता ह्याला नवं फर्मवेअर घालायचं म्हणून कंपनीच्या साइटवर बघितलं तर शेवटची फाइल पाच वर्षांपूर्वीची. त्याच्यानंतर काही नाही, येणारही नाही, कंपनीच्या लेखी ते मॉडेल संपलं. राउटर मात्र ठणठणीत, तापत नाही, रेंज चांगली, अजून कितीतरी वर्षं सहज चालेल असा. तुमचा दुसरा प्रश्न इथंच सुरू होतो. कंपनीनं सोडून दिलेला डबा कचऱ्यात टाकायचा, का त्यात दुसऱ्या कुणी जपलेलं फर्मवेअर टाकायचं? मी खालचं स्टिकर वाचलं, मॉडेल आणि व्हर्जन ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत अचूक मिळालं, काकांना विचारून टाकलं. तो राउटर अजून तिथंच आहे, पुसला जातो आता महिन्याला.

ओपनडब्ल्यूआरटी हे नाव कुठनं आलं ते सांगते, कारण कंपन्या का अडवतात त्याची मुळंही तिथंच आहेत. 2002 च्या अखेरीला लिंक्सिस कंपनीनं डब्ल्यूआरटी54जी नावाचा निळा-काळा राउटर काढला. 2003 मध्ये अँड्र्यू मिक्लास नावाच्या माणसानं दाखवून दिलं की ह्याच्या आत लिनक्सचा कोड आहे, आणि तो कोड जीपीएल परवान्याखालचा, म्हणजे वापरा, विका, पण ज्याला विकाल त्याला त्या कोडाचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, द्यावा लागेल. कंपनी तेव्हा नुकतीच सिस्को ह्या दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलेली, बरीच मागणी झाल्यावर सोर्स बाहेर आला. त्याच्यावरनं 2004 मध्ये लोकांनी ओपनडब्ल्यूआरटी उभं केलं, मागोमाग तसलीच डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो आली. एका मॉडेलचं नाव आज शेकडो राउटरवर चालणाऱ्या फर्मवेअरला चिकटलंय. (सोर्स देण्याची कुरकुर तिथं थांबली नाही, 2008 च्या डिसेंबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं सिस्कोवर खटला घातला तेव्हा 2009 मध्ये तडजोड झाली.)

आणि ह्याच मॉडेलनं अजून एक गोष्ट शिकवली जी मी गिऱ्हाइकाला रोज सांगते. त्याचं पाचवं व्हर्जन आलं, खोका तोच, नाव तेच, आत फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा, 4 एमबीची 2 एमबी आणि रॅम 16 ची 8 करून टाकलेली आणि लिनक्स काढून दुसरीच सिस्टिम घातलेली. लोक चिडले, मग जुन्याच ताकदीचं डब्ल्यूआरटी54जीएल वेगळं काढून विकायला लागले. आजही तसंच आहे. टीपी-लिंकच्या आर्चर सी6 चंच बघा, व्हर्जन 2 मध्ये क्वालकॉमची चिप, व्हर्जन 3 मध्ये मीडियाटेकची, आणि दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर मलाही वरनं सांगता येणार नाही. एकाची फाइल दुसऱ्यात घातली तर राउटर मेला. म्हणून मॉडेल विचारलं की नुसतं नाव सांगू नका, उलटा करा, स्टिकरवर व्हीईआर लिहिलेलं असतं त्याच्यापुढचा आकडा वाचून सांगा.

बरं, कंपनी का अडवते? लोक मला म्हणतात कायदाच आहे तसा. अर्धं खरं आहे ते, आणि जो अर्धा भाग खोटा आहे त्याच्यावर मला मनापासून बोलायचंय. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेत विमानतळाजवळचे हवामानाचे रडार चालतात. काही वायफाय यंत्रं त्या रडारमध्ये खरखर करत होती, वादळाचं चित्र बिघडत होतं, म्हणजे तक्रार खरी होती. म्हणून तिथल्या एफसीसीनं, म्हणजे रेडिओलहरींचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम कडक केले, आणि 2015 मध्ये कंपन्यांना विचारलं की तुमच्या यंत्रात दुसरं फर्मवेअर, त्यात डीडी-डब्ल्यूआरटीचं नाव घेऊन, घालता येऊ नये म्हणून तुम्ही काय केलंय ते सांगा. ह्याच्यावर मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एफसीसीनं खुलासा केला की आम्हाला बाहेरच्या फर्मवेअरवर बंदी घालायची नाही, रेडिओनं, म्हणजे राउटरमधल्या वायफाय सोडणाऱ्या भागानं, परवानगीबाहेरच्या पट्ट्यात आणि पॉवरवर जाऊ नये एवढंच पाहिजे.

पण रेडिओपुरतं कुलूप लावायचं म्हणजे काम पडतं, ते वेगळं बांधायला लागतं, तपासायला लागतं. अख्ख्या डब्याला कुलूप लावणं सोपं. कंपनीची सही असलेलीच फाइल घेणार, दुसरी दिली की एरर, झालं. एका खोलीत माल आहे म्हणून अख्ख्या वाड्याला टाळं ठोकण्यातली गत. टीपी-लिंकचं प्रकरण ह्यात बघण्यासारखं आहे, 2016 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी एफसीसीला 2 लाख डॉलर भरले, कारण त्यांच्या काही राउटरमध्ये देश बदलून ठरलेल्यापेक्षा जास्त पॉवर घेता येत होती, आणि त्याच तडजोडीत बाहेरचं फर्मवेअर चालू देण्याचा मार्ग काढायचंही कबूल केलं. म्हणजे नियम करणाऱ्यानंच सांगितलं की रेडिओ सांभाळा आणि बाकीचं मोकळं ठेवता येतं का बघा. त्याच वर्षी लिंक्सिसनं आपली डब्ल्यूआरटी मालिका मोकळी ठेवली, रेडिओची माहिती वेगळ्या जागी ठेवून. करता येतं ते. त्यामुळे "कायदा आहे" म्हणून कुणी तुम्हाला वाटेला लावलं तर ऐकून घेऊ नका.

आपल्याकडे 2018 च्या ऑक्टोबरात 5 गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा, 5150 ते 5350 आणि 5470 ते 5875 मेगाहर्ट्झ, विनापरवाना वापराला खुला झाला, पॉवरची मर्यादा घालून. ओपनडब्ल्यूआरटी टाकलं की देश निवडायची जागा येते, तिथं भारतच निवडा. भिंतीपलीकडे रेंज जावी म्हणून दुसऱ्या देशाचं नाव घालणारी पोरं मला माहिती आहेत, ते करू नका, त्यानं नियम मोडतो आणि ज्यांच्यामुळे सगळ्यांना कुलूप लागलं त्यांच्यात आपण जाऊन बसतो.

सगळीच अडवणूक मुद्दाम केलेली असते असं मात्र नाही. ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपांचे ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे प्रोग्राम, खुले नसतात, त्या चिपेचा राउटर कितीही महागाचा असला तरी ओपनडब्ल्यूआरटीवर वायफाय नीट मिळत नाही. आणि स्वस्तातल्या राउटरमध्ये 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅम असते, त्यात आजचं ओपनडब्ल्यूआरटी मावत नाही, 19.07 ह्या व्हर्जननंतर त्यांना सोडूनच दिलंय. नवा घेताना निदान 16 एमबी फ्लॅश आणि 128 एमबी रॅम बघा. 2024 च्या नोव्हेंबरात ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ह्या संस्थेबरोबर स्वतःचाच राउटर काढला, ओपनडब्ल्यूआरटी वन, 1 जीबी रॅम, आणि आत दोन फ्लॅश, एकीत गडबड झाली तर बटण सरकवून दुसरीवरनं उठवता येतो. मला फार बरं वाटलं ते वाचून.

कारण राउटर मेलेला मी बघितलाय, माझ्याच हातनं. गावभागात मावसभावाकडे, पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळ, मी फाइल चढवली आणि पट्टी चाळीस टक्क्यांवर असताना लाईट गेली. घरात इन्व्हर्टर होता पण राउटरचा प्लग त्याच्यावर नव्हता आणि मी ते आधी बघितलं नव्हतं. लाईट आली तर एकच दिवा, लुकलुक नाही काही नाही, नुसता पेटलेला. वहिनी म्हणाली "ऱ्हाऊ दे गं, नवीन आणू", पण मला झोप आली नसती. बऱ्याच राउटरमध्ये बूटलोडर, म्हणजे चालू करताना पहिला उठणारा छोटा प्रोग्राम, वेगळा असतो, तो शाबूत राहिला तर जीव आहे. रिसेटच्या भोकात पिन दाबून धरायची आणि तशीच धरून चालू करायचं, मग तो वायरीनं जोडलेल्या लॅपटॉपकडे ठराविक पत्त्यावर ठराविक नावाची फाइल मागतो, टीएफटीपी म्हणतात त्याला. पत्ता आणि फाइलचं नाव कंपनीगणिक वेगळं. चौथ्या खेपेला त्यानं फाइल ओढली, दिवे एकामागोमाग एक लागले, साडेदहा वाजलेले. तेव्हापासून यूपीएसवर लावल्याशिवाय मी कुणाच्या राउटरला हात लावत नाही, स्वतःच्यासुद्धा.

तेव्हा घरी करणार असाल तर प्लग इन्व्हर्टरवर, लॅपटॉप वायफायनं न जोडता वायरीनं, आणि आधी सगळ्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा, पीपीपीओई (नाव-पासवर्ड घालून नेट जोडायची पद्धत) वापरत असाल तर त्याचं नाव-पासवर्ड नक्की, नाहीतर नेट बंद पडल्यावर नेटवाल्याला रविवारी शोधत बसाल. फाइल डाउनलोड झाली की साइटवर दिलेला शा-256 चा आकडा आपल्या फाइलशी जुळतो का बघा, म्हणजे फाइल बिघडलेली नाही हे कळतं. पहिल्यांदा टाकताना फॅक्टरी नावाची फाइल, त्याच्यानंतरच्या वेळी सिसअपग्रेडची, ह्यात फार जण गोंधळतात. टाकून झाल्यावर वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका, बहुतेक राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी वायफाय बंदच ठेवतं, वायर लावून 192.168.1.1 वर जा आणि पासवर्ड घालून चालू करा. वॉरंटी शिल्लक असेल तर ती गेली असंच धरून चाला.

आणि फायबरवाल्यानं भिंतीला लावून दिलेला जो डबा असतो, काच-वायर आत जाणारा, त्याला हे काहीही करायचं नाही. तो बहुधा त्यांच्या मालकीचा असतो, ते लांबनं त्याची सेटिंग बदलतात, फर्मवेअरही तेच घालतात, त्यात हात घातला तर लाइनच जाईल. त्यांना तो ब्रिज मोडवर, म्हणजे नुसतं नेट पुढं पाठवेल असा, टाकून मागा आणि मागं आपला राउटर लावा. नाही म्हणाले तरी लावता येतो, जरा गुंतागुंत वाढते एवढंच.

एवढं वाचून आपल्या राउटरला काय चालेल हे कळत नसेल तर स्टिकरचा फोटो घेऊन दुकानात या, संध्याकाळी सहानंतर गर्दी कमी असते. फोटो काढताना त्याच्यावर छापलेला वायफायचा पासवर्ड तेवढा बोटानं झाका, मला फक्त मॉडेल आणि व्हर्जन लागतं.