दूर्वा उपटल्या आणि लॉनच हातात आलं

लातुरात लॉन पिवळं पडलं की माणसाचा हात आधी नळाकडं जातो आणि मग युरियाच्या पिशवीकडं. मी बंगल्यांचे, शाळांचे, मंगल कार्यालयांचे लॉन लावतो आणि सांभाळतो, त्यामुळं हे कायम बघायला मिळतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर गवताला लोह मिळत नाही. मग सगळं लॉन सारखंच फिकट दिसतं, कोवळ्या पानाची शीर तेवढी हिरवी राहते. तिथं लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवून फवारलं की रंग परत येतो. पण पिवळेपणा ठिपक्याठिपक्यांनी येत असेल, इथं ताटाएवढा आणि तिथं परातीएवढा, तर नळ बंद करून आधी खाली वाकायला पाहिजे.

औसा रोडवरच्या एका गुरुजींकडं हेच झालं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरापुढं दोन हजार चौरस फुटांचं हरळीचं लॉन करून घेतलं होतं. ते मी लावलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये पावसानं उघडीप दिली आणि गवत जागोजागी वाळायला लागलं. गुरुजींनी सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं, कुणीतरी सांगितलं म्हणून दोनदा युरिया टाकला. ठिपके वाढतच गेले. गणपती बसले त्या दिवशी त्यांची नात दूर्वा तोडायला लॉनवर गेली. तिनं जुडीभर गवत धरून ओढलं, तर हातभर लांबीचा तुकडा वर आला. मुळं नाहीत, माती नाही, नुसतं गवत. गुरुजींचा फोन आला, “अरे, जरा येऊन जा. हे काय व्हायलंय मला कळंना.”

मी आणि आमचे मामा गेलो. (मामा माझ्याकडं कामाला आहेत, पण त्याआधी त्यांनी आयुष्यभर ऊस केला आहे.) वाळलेल्या ठिपक्याच्या कडेला, जिथं गवत अजून अर्धं हिरवं होतं, तिथं मामांनी दोन्ही हात घातले आणि लॉनची कड सतरंजीसारखी गुंडाळत आणली. खाली माती एकदम भुसभुशीत, चाळून ठेवल्यासारखी दिसली. आणि त्या मातीत त्या पडल्या होत्या: दुधी रंगाच्या, करंगळीएवढ्या जाड, डोकं तांबूस, पोटाचा मागचा भाग आतल्या मातीमुळं काळसर. उजेड लागताच प्रत्येक अळीनं अंग वळवून अर्धगोल केला. फूटभर चौकोनात आठ निघाल्या. मामा एवढंच म्हणाले, “हुमणी हाय गुरुजी. उसात असती तशीच.”

काकू मागं सरकल्या. गुरुजी मात्र तिथंच उकिडवे बसले, एक अळी काडीनं उलटी केली आणि विचारलं, “मग एवढं पाणी दिलं ते?” ते पाणी गवताला लागलंच नव्हतं, कारण प्यायला मूळच शिल्लक नव्हतं. उलट ओल्या मऊ मातीत हुमणीला फिरायला सोपं गेलं. युरियानं उरलेल्या गवताचा पाला तेवढा वाढवला, म्हणजे अर्ध्या मुळांवर दुप्पट ओझं.

हुमणीचं वर्षाचं चक्र एकदा समजून घेतलं की बाकीचं सोपं आहे. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीत दडलेले भुंगेरे, म्हणजे हुमणीचेच मोठे झालेले किडे, संध्याकाळी बाहेर पडतात, कडुलिंबावर आणि बाभळीवर बसून पाला खातात, तिथंच मिलन होतं आणि मादी जमिनीत अंडी घालते. अळी लहान असताना कुजलेलं सेंद्रिय आणि बारीक मुळं खाते, ऑगस्ट-सप्टेंबरात मोठी झाली की सगळं मूळच फस्त करते. नंतर खोल जाऊन कोष करते. वर्षाला एकच पिढी. गुरुजींच्या कुंपणाला लागून दोन मोठे लिंब होते आणि लॉन लावताना खाली अर्धवट कुजलेलं शेणखत पसरलेलं होतं. खायलाही होतं आणि राहायलाही. इथं एक सांगायला हवं: शेणाच्या ढिगात दिसणारी प्रत्येक जाड पांढरी अळी हुमणी नसते. गेंडा भुंग्याची अळी तशीच दिसते, ती कुजलेलं खाते आणि मुळांच्या वाटेला जात नाही. म्हणून अळी कुठं सापडली आणि मुळं खाल्ली गेली आहेत का, हे दोन्ही बघावं लागतं.

तेवढ्यात शेजारचे एक जण शेतातून उरलेलं फोरेट या कीटकनाशकाचं पुडकं घेऊन आले. मन चांगलं होतं त्यांचं. पण फोरेटवर आपल्या देशात 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ज्या गवतावर नात अनवाणी पळते आणि ज्याच्या दूर्वा देवाला जातात तिथं ते विष मी पडू दिलं नसतं. गुरुजींनी स्वतः उठून ते पुडकं परत दिलं.

आम्ही वाळलेले ठिपके पूर्ण काढले आणि खालची माती वीतभर खणून उलटी केली. मग अर्धं काम पक्ष्यांनी केलं. सकाळी सहालाच साळुंक्या आणि कावळे, त्यांच्यामागं दोन-चार बगळे. नात पायरीवर बसून बगळे मोजत होती. हातानं वेचलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाकल्या. उरलेल्यांसाठी मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी, एकराला 4 किलोच्या हिशेबानं, म्हणजे या जागेला साधारण 200 ग्रॅम, चाळलेल्या पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी ओल्या मातीत दिली. हिला ऊन चालत नाही, कोरडी माती चालत नाही, आणि सोबत बुरशीनाशक टाकलं तर तीच मरते. मोठ्या अळीवर तिचा परिणाम उशिरा होतो, लहान अळीवर लवकर. म्हणून खरी वेळ जुलै-ऑगस्टची. तरीही काही दिवसांनी खुरप्यानं उकरलं तेव्हा अंगावर आधी पांढरी आणि मग हिरवट भुकटी चढलेल्या, कडक झालेल्या अळ्या सापडल्या. त्या दिवशी मला खरंच समाधान वाटलं. जिवंत जमिनीत असं घडू शकतं हे ऐकणं वेगळं आणि बोटात धरून बघणं वेगळं.

मोकळ्या जागेत त्याच लॉनमधल्या निरोगी हरळीच्या काड्या वितीपेक्षा कमी अंतरावर टोकल्या. विकतचं मऊ, दाट गवत आणा असं काकूंचं म्हणणं होतं, पण आपल्या उन्हाला हरळीसारखं गवत नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात लॉनवर बादलीभर पाणी टाकायचीही कुणाची हिंमत नव्हती आणि टाकूही नये होतं. सगळीकडचं लॉन तपकिरी पडलं. जून लागल्यावर जिथं हरळी होती तिथं जमिनीखालच्या कांड्यांतून ती आपोआप फुटली. बाकीचं पुन्हा लावावं लागलं.

पाण्याचा हिशेब गुरुजींनी स्वतःच वहीत मांडला. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. दोन हजार चौरस फूट म्हणजे 186 चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवं ठेवायचं तर रोजचे 6 मिलिमीटर धरले तरी अकराशे लिटरच्या वर जातं. वही मिटून ते म्हणाले, “एवढं पाणी गवताला घालायचं मला पटत नाही.” मग अर्ध्या जागेत फरशी, जास्वंद, बोगनवेल आणि कण्हेर आली. उरलेल्या लॉनला पाणी रोजच्या शिंतोड्याऐवजी आठवड्यातून दोनदा, पण वीतभर ओल जाईल इतकं. कापताना गवताच्या पात्याची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उंची घ्यायची नाही, आणि मार्चनंतर मशीन एक खाच वर. पावसाळ्यानंतर एकदा काट्यानं भोकं पाडून त्यात वाळू. एवढंच.

पण हुमणीच्या बंदोबस्ताचं खरं काम लॉनवर नव्हतं, झाडावर होतं. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला त्या संध्याकाळी गुरुजींनी फोन करून बोलावलं. साडेसात वाजता लिंबाखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला. अंधार पडायला लागला तसा लॉनमधून, रस्त्याकडच्या मातीतून, शेजारच्या प्लॉटमधून भुंगेरे उठले. घूंऽऽ असा आवाज, आणि लिंबाची डहाळी बघता बघता तांबूस झाली. मामांनी आकडीनं फांदी हलवली की कागदावर गारांसारखा आवाज व्हायचा. गल्लीतली पोरं गोळा करून बादलीत टाकत होती, बादलीत पाणी आणि वर थोडं डिझेल. नऊच्या सुमाराला बादलीचा तळ दिसेना. हे पावसानंतर लागोपाठ चार-पाच संध्याकाळी करायचं असतं. गुरुजींनी एकही चुकवली नाही. एक मादी मारली म्हणजे जमिनीत जाणारी कित्येक अंडी टळली, हे ते पोरांना प्रत्येक संध्याकाळी समजावून सांगायचे.

सप्टेंबरात पुन्हा लॉनची कड धरून ओढली. आली नाही. दोन ठिकाणी खणून बघितलं तर एका जागी एकच अळी सापडली, तेवढी कुठल्याही जमिनीत असतेच.

पलीकडच्या गल्लीत एक बाभूळ आहे, तिच्यावरही भुंगेरे बसतात असं पोरांनी हेरून ठेवलं आहे. यंदा पहिल्या पावसाला तिथंही जायचं ठरलंय. आकड्या कमी पडतील म्हणून मामांनी दोन नव्या करायला टाकल्या आहेत.