ख्रिसमस आयलंड: खेकडे दिसले, बाकीचे कुठे गेले?

ख्रिसमस आयलंड म्हटलं की इथे ऑस्ट्रेलियात सगळ्यांना लाल खेकडेच आठवतात. पावसाळा लागला की कोट्यवधी खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात, त्यांच्यासाठी रस्ते बंद ठेवतात. पर्थहून विमानाने आम्हीही त्यासाठीच गेलो. फोटो तुम्हाला पाठवलेच आहेत. आज लिहायचंय ते ज्यांचे फोटो काढताच येणार नाहीत, त्यांच्याबद्दल.

जावाच्या दक्षिणेला साधारण ३५० किलोमीटरवर हे १३५ चौरस किलोमीटरचं बेट. मूळचे सस्तन प्राणी पाचच: दोन जातींचे उंदीर, एक चिचुंद्री, दोन वटवाघळं. त्यातले चार गेले.

उंदरांची कथा सगळ्यात विलक्षण. १८९७मध्ये लंडनहून आलेल्या चार्ल्स अँड्र्यूज या शास्त्रज्ञाला त्या दोनपैकी एका जातीचे, मॅक्लिअरचे उंदीर जिकडेतिकडे दिसले. १८९९मध्ये फॉस्फेटच्या खाणीसाठी माल घेऊन एक जहाज आलं आणि त्यातून काळे उंदीर उतरले. जहाजाचं नाव 'हिंदुस्तान'! (काळा उंदीरही मुळात आपल्याच बाजूचा. काय बोलणार?) थोड्याच वर्षांत स्थानिक उंदीर भरदिवसा वाटेवर आजारी पडलेले दिसू लागले. १९०८मध्ये अँड्र्यूज परत आला तेव्हा त्याला एकही सापडला नाही. नव्या उंदरांनी रक्तातला एक परजीवी आणला होता. शंभर वर्षांनी संग्रहालयातल्या कातड्यांच्या डीएनएमधून ते उघड झालं.

चिचुंद्री १९८५नंतर कोणाला दिसली नाही. २०२५मध्ये आययूसीएनने (धोक्यातल्या प्रजातींची यादी ठेवणारी जागतिक संस्था) ती नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

वटवाघळाचं मात्र मनाला लागतं. जेमतेम चार ग्रॅमचं पिपिस्ट्रेल. २००९च्या सुरुवातीलाच शास्त्रज्ञ सांगत होते, मोजकीच उरलीत, पकडून पैदास करू द्या. सरकारी परवानगी यायला जुलै उजाडला. ऑगस्टमध्ये पथक पोचलं तर यंत्रावर एकाच वटवाघळाचा आवाज येत होता, आणि ते जाळ्यात काही येईना. २६ ऑगस्टनंतर तोही आवाज नाही. फायली आपल्याकडेच अडतात असं नाही!

पाचवं, फळं खाणारं मोठं वटवाघूळ अजून आहे, पण धोक्यातच.

२०२२मध्ये शास्त्रज्ञांनी मॅक्लिअरच्या उंदराचा जनुकसंच जुळवून पाहिला, उद्या परत आणता येईल का म्हणून. सुमारे पाच टक्के भाग मिळेना, आणि त्यात नेमकी वास घेण्याची नि रोगप्रतिकाराची जनुकं. रोगानेच गेलेला प्राणी, त्यात प्रतिकाराचाच भाग अर्धवट. शिवाय काळे उंदीर बेटावर आहेतच. मला विचाराल तर त्या पैशांत आधी उरलेलं वटवाघूळ सांभाळावं.