बोलक्या भिंती आणि शेवटची ओळ

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा हल्ली लांबून आगगाडीसारख्या दिसतात. वर्गखोल्या म्हणजे निळे डबे, कोपऱ्यातल्या खोलीवर इंजिन. आत शिरलं की बोलक्या भिंती. एकीवर बाराखडी, दुसरीवर सूर्यमाला, खिडकीखाली पाढे, उरल्यासुरल्या जागेत सुविचार. रंगासाठी गावाने वर्गणी काढलेली असते, गुरुजींनी सुट्टीत स्वतः ब्रश धरलेला असतो. त्यामुळे नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण सगळ्याच भिंती बोलायला लागल्यावर बाईंचं ऐकायचं कोणी, हा प्रश्न मला पडतोच.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. बालवाडीच्या वयाची २४ मुलं, विज्ञानाचे छोटे धडे. कधी भिंती कोऱ्या, कधी तक्त्यांनी गच्च. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. कोऱ्या भिंतींत शिकलेल्या धड्यांवर मुलांची ५५ टक्के उत्तरं बरोबर, गच्च भिंतींत ४२. चोवीस मुलांवरून कोणी लगेच रंग खरवडायला घेऊ नये. पण चालू धड्याचा तक्ता लावावा आणि धडा संपला की उतरवावा, इतकं तरी जमण्यासारखं आहे. ऑइलपेंटचं तेवढंच वाईट, ते उतरत नाही. पहिलीत पाहिलेला शनी चौथीपर्यंत तिथेच, आणि एव्हाना त्याच्याकडे कोणी बघतही नाही.

डहाणूजवळच्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर भिंतींचाच नाद सोडला होता. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा कुरणशाळा निघाली, शाळाच कुरणात गेली. खडे, पानं, बिया हेच तिथले तक्ते, आणि तेही मुलांच्या हातात.

खरं तर डोळ्यांचं आपण फार कौतुक करतो. कान राहून जातात. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेला खरोखरीची आगगाडी चिकटलेली होती. उंचावरचे रूळ, दर साडेचार मिनिटांनी गाडी, तेवढा वेळ शिकवणं बंद. आर्लिन ब्रोंझाफ्ट या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने रुळांकडच्या आणि पलीकडच्या शांत बाजूच्या वर्गांचं वाचन ताडून पाहिलं. सहावीपर्यंत रुळांकडची मुलं जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली होती. हे १९७५ साली छापून आलं. मग रुळांखाली रबर बसलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं लागली, आणि पुढच्या पाहणीत तो फरक उरलाच नाही.

आपल्याकडे गाडीची गरज नाही, पत्रा पुरतो. आमच्या शाळेवर पाऊस कोसळू लागला की बाईंचे नुसते ओठ हलत. पहिल्या रांगेला ‘साठ’ ऐकू येई, मागे तोच ‘सात’ होई, आणि उदाहरण चुकलं की मागचा तो ढ. मग बाई नाद सोडून फळ्यावर लिहू लागत. उन्हाळ्यात पत्रा तापे, पंखा लावला तर खडखड, बंद केला तर घामाच्या धारा. यातलं काहीच फोटोत येत नाही. शाळा बघायला आलेली मंडळी भिंतींसमोर उभी राहून फोटो काढतात, शेरेबुकात ‘परिसर प्रसन्न’ लिहितात, चहा घेऊन निघतात. शेवटच्या ओळीत मांडी घालून दहा मिनिटं बाईंचं ऐकत बसलेला पाहुणा मला अजून भेटायचा आहे.