साडेसात वाजता

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज तो मला बघून रडला.

बूट बघून नाही. बूट अजून कपाटावर होते, पिशवीत. माझ्या हातात फक्त मोजे होते, तेही गुंडाळून मुठीत धरलेले. दारात उभी राहिले, नेहमीसारखं "सोन्या" म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, खालचा ओठ पुढे आला आणि माईंच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या, खांद्यात तोंड खुपसून तो रडायलाच लागला. माई म्हणाल्या, "भ्यालं गं, अंधारात उभी राहिलीस म्हणून." दिवा लावलेला होता.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. भांडी आवरली, उद्याची गवार मोडून ठेवली, वह्या तपासायला घेतल्या. तीन झाल्या आणि चौथीत पोरीनं काय लिहिलंय तेच कळेना. म्हणून वह्या बाजूला ठेवून हे लिहीत बसलेय.

रडणं मला नवीन नाही. सोन्याचं उजवं पाऊल जन्मतःच आत वळलेलं, क्लबफूट म्हणतात त्याला. दहाव्या दिवशी पहिलं प्लास्टर घातलं, बोटांपासून थेट जांघेपर्यंत. मग दर गुरुवारी मिरज. कोमट पाण्यात भिजवून जुनं सोडवायचं, डॉक्टरांनी पाऊल अगदी हळू थोडं आणखी बाहेर वळवायचं, धरून ठेवायचं, की लगेच नवीन. असे सहा गुरुवार. पहिल्या गुरुवारी त्याचा तळवा आत वळून वर बघत होता, सहाव्याला पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर झालं हे, हातानं, चाकू न लावता. मग टाचेमागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) कापून सोडली, तेवढी जागा बधीर करून. कापलेली शीर तीन आठवड्यांत लांब होऊन आपली आपण परत जुळते, हे डॉक्टरांनी मला तीनदा सांगितलं तेव्हा कुठे पटलं. पुन्हा तीन आठवडे प्लास्टर. एप्रिलमध्ये बूट आले, दोन्ही एका दांडीला जोडलेले, पाऊल परत आत वळू नये म्हणून. तेवीस तास बूट, एक तास आंघोळीला मोकळा. हा असला उन्हाळा, आणि पायात चामडं. मोजे दिवसातून चारदा बदलायची मी. पहिल्या तीन रात्री तो झोपला नाही, मीही नाही.

पण त्या सगळ्यात तो रडायचा आणि माझ्याकडे यायचा. रडवायचं कुणीतरी दुसरं, गप्प करायची मी. प्लास्टरच्या टेबलावरून उचलून छातीशी धरलं की दोन मिनिटांत हुंदके थांबायचे. आज तो माझ्यामुळे रडला आणि दुसऱ्याच्या खांद्यावर गप्प झाला.

हे मांडायलाही मला लाज वाटतेय. ते दुसरं कुणी नाही, माई आहेत.

बूट घातलेच. दहा मिनिटं उशिरा, पण घातले. मोजे उलटे, म्हणजे शिवण बाहेर राहते, बोटांना काचत नाही. आधी उजवा पाय, तो अवघड. गुडघा वाकवायचा, टाच खाली दाबायची, अंगठ्यानं जीभ धरून ठेवायची आणि मधला पट्टा आधी ओढायचा. मग नाडी. बुटाच्या मागे छोटं भोक आहे, त्यातून टाच दिसली पाहिजे. बुटाच्या आतल्या तळव्यावर मी पेनानं रेघ मारलीय, टाच नीट बसली की अंगठा तिथपर्यंत येतो. आज अंगठा रेघेच्या मागं होता. पट्टा सोडला, परत दाबलं. परत मागं. तिसऱ्यांदा बसली. टाच वर राहिली तर बूट रात्रभर नुसता घासतो, सकाळी लाल चट्टा, मग फोड, आणि फोड आला की बूटच घालता येत नाहीत. त्यामुळे सैल सोडणं ही माया नाही, हे मला कळतं. तरी तो रडत असताना पट्टा आणखी एक भोक पुढे ओढणारा हात माझा असतो.

मग डावा. लोक हमखास विचारतात, चांगल्या पायाला कशाला शिक्षा? डाव्याला काही झालेलं नाही, पण दांडीला दोन टोकं आहेत. उजवं पाऊल सत्तर अंशांत बाहेर वळवून ठेवायचं तर त्याला पलीकडून धरणारं कुणीतरी हवं. डावं चाळीसवर असतं. दांडी त्याच्या खांद्यांच्या रुंदीएवढी, दर वेळी खांदे मोजतात. मला त्या डाव्या पायाचं फार वाटतं. काही दुखणं नसताना चौदा तास भावाला धरून बसायचं. पहिल्यांदा दांडीला माईंच्या जुन्या लुगड्याची पट्टी मीच गुंडाळली. गुंडाळताना माई शेजारी बसून टोक धरत होत्या.

त्या काही वाईट नाहीत. मला हे सारखं लिहावंसं वाटतंय. बारशाला मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ग्रहणात पाय मुडपून बसली असेल." तेव्हा माईच म्हणाल्या की विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पाऊल दिसलं होतं, ऑगस्टात, आणि ग्रहण भाद्रपदातल्या पौर्णिमेचं, म्हणजे त्यानंतरचं. मावशी गप्प. मी त्या पौर्णिमेला खोलीतून बाहेर पडले नव्हते, पाणीसुद्धा प्यायले नव्हते, ते कुणाला सांगितलं नाही. जाऊ दे.

मला खरं कशाचं वाईट वाटतंय ते भांडी घासताना लक्षात आलं. रात्री बूट घालते मी. सकाळी साडेनऊला काढतात माई.

कुणी ठरवलं नव्हतं. जुलैत तीन महिने संपले, तेवीसचे चौदा तास झाले. रात्रीची झोप आणि मागेपुढे थोडं. साडेसात ते साडेनऊ बरोबर बसत होतं. त्याच आठवड्यात माझी रजा संपली आणि शाळा सुरू झाली. नऊला मी घरातून निघते तेव्हा तो बुटांतच असतो, बऱ्याचदा झोपलेला. मग साडेनऊला उन्हाच्या तिरपेला चटईवर माई त्याचे बूट सोडतात, पाय चोळतात, गाणं म्हणतात, तो पाय झाडतो, हसतो. हे मला व्हिडिओवर दिसतं, मधल्या सुट्टीत. दीड महिना रोज. त्याच्या हिशेबानं आईचा हात आला की पाय बांधले जातात आणि आजीचा हात आला की सुटतात. साडेसात महिन्यांच्या पोराला दुसरं काय समजणार? तो बरोबर शिकलाय. त्याच्याकडे जेवढं आहे त्यावरून बरोबर.

आणि हे! हे म्हणतात, "तूच घाल, तुला चांगलं जमतं." जमायला काय, पहिल्या दिवशी मलाही जमत नव्हतं. त्यांच्यानं रडणं बघवत नाही, खरंय. साडेसातला त्यांना बरोबर गाडीला पेट्रोल घालायचं असतं. मग मला बघवतं, असं सगळ्यांनी धरूनच टाकलंय. आठ वाजता ते परत येतात, तोपर्यंत तो गप्प झालेला असतो, बुटांसकट त्याला उचलून हवेत झुलवतात, तो खिदळतो. मी तेव्हा स्वयंपाकघरात असते.

रागावून लिहिलं हे. राहू दे, खोडत नाही.

एखादी रात्र सोडली तर काय होईल, हा विचार आज परत आला. एकदा सोडली होती. ताप होता त्याला. त्याबद्दल आज नको.

पाऊल सरळ झालंय, कुणालाही सरळच दिसतं, म्हणूनच पुढचं अवघड आहे. प्लास्टरच्या वेळी वाकडं दिसत होतं, त्यामुळे कुणी अडवलं नाही. आता जो तो म्हणतो, झालं की बरं, आता कशाला पोराला छळता. पण ज्या ओढीनं पाऊल आत वळलं होतं ती ओढ अजून आत आहे. पाय वाढतोय तोवर ती ओढतच राहणार. चार वर्षांचा होईपर्यंत रात्रीचे बूट. बूट सोडले की पाऊल परत फिरतं, तशी मुलं मी ओपीडीच्या बाकावर बघितलीत, पुन्हा पहिल्यापासून प्लास्टर. त्यातल्या एकीची आई माझ्याकडे न बघता म्हणाली होती, "आम्हाला वाटलं झालं." ते वाक्य मला साडेसातला रोज ऐकू येतं.

रात्री त्याला पाजताना मी फोनवर या उपचाराबद्दल वाचत बसायची. ही पद्धत काढणारे डॉक्टर पोन्सेटी मूळचे स्पेनचे, मिनोर्का बेटावरचे, जन्म १९१४. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. अमेरिकेत आयोवाला त्यांनी ही पद्धत बसवली, १९६३ साली निकाल छापून आले, तरी पुढं कितीतरी वर्षं बहुतेक डॉक्टर पाऊल उघडून मोठं ऑपरेशनच करत राहिले. तो माणूस आपलं हातानं वळवत राहिला. १९९०नंतर जग त्यांच्याकडे वळलं, त्यात मुलांच्या आईबापांनी एकमेकांना सांगत जाण्याचा मोठा वाटा. ३ जून हा त्यांचा जन्मदिवस, क्लबफूट दिवस म्हणून पाळतात. यंदा ओपीडीत फुगे लावले होते. सोन्या तेव्हा तेवीस तासवाला होता, दांडीसकट दोन्ही पाय एकदम वर उचलून फुग्याला मारत होता. एकेक पाय हलवता येत नाही म्हटल्यावर त्यानं दोन्ही मिळून लाथ मारायचं शोधून काढलं. म्हणजे मी दांडी धरून गुडघे वाकवायचा खेळ खेळायचे रोज, पण शोधलं त्यानंच.

त्या दिवशी तिथं एक अडीच वर्षांची मुलगी होती. आईच्या पिशवीतून तिनं आपले बूट काढले, आईच्या मांडीवर ठेवले आणि आपण आडवी झाली. ऐन दुपारी, बाकावर. झोप आली होती तिला. आई म्हणाली, बुटांशिवाय झोपतच नाही आता, गावाला गेलो आणि विसरलो तर रडून घर डोक्यावर घेते. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज आठवून वेगळंच वाटतंय. त्या आईचंही कधीतरी असं झालंच असेल ना, पोरगी तिला बघून रडली असेल. विचारायला हवं होतं.

आत्ता माईंच्या खोलीतला दिवा गेला. मघाशी त्या पाणी प्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "उद्यापासून मोजे मी घालते. बूट तू घाल." एवढंच. म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. अंधाराचं माझ्यासाठी म्हणाल्या होत्या.

मी संध्याकाळपासून मनात म्हणत होते की रविवारपासून सकाळचे बूट मीच काढणार, रविवारी तरी माझा हक्क. आता वाटतं नको. उन्हातला तो त्यांचा तास आहे. त्यांच्या गुडघ्यांना खाली बसवत नाही, तरी रोज चटईवर बसतात. रविवारी मी नुसती शेजारी बसेन, एक पट्टा त्यांनी सोडावा, एक मी. उजवा त्यांना देईन. आणि साडेसातला ह्यांना पेट्रोल घालायला जाऊ देणार नाही, समोर बसवून गाणं म्हणायला लावीन, येत नसलं तरी. तो रडेल, रडू दे. पट्टा मीच ओढणार. रेघेपर्यंत अंगठा आला की नाही ते माझ्याइतकं कुणी बघत नाही, आणि चार वर्षांनी तो या पायांवर धावणार आहे, तेव्हा साडेसातचं त्याला काही आठवणार नाही. मला आठवेल. चालेल.

मोजे वाळलेले नाहीत. दिवसभर भुरभुर पाऊस, सहाच्या सहा जोड्या दोरीवर ओल्या. इस्त्री फिरवून ठेवायला हव्यात.

झोळीत दांडी आडवी येते म्हणून तो खाली गादीवर झोपतो, माझ्या बाजूला. कुशीवर वळला की दांडी भिंतीला लागते. आत्ता लागली. खट्. परत एकदा. उठला वाटतं.

जाते.