रंगीत गोधडी: आधी आतले थर, मग ठिगळं

गोधडी शिवायची म्हटली की सगळं लक्ष वरच्या रंगीत तुकड्यांकडं जातं. पण ती दोन वर्षांत विरते की पंधरा वर्षं अंगावर येते, हे आतल्या कापडावर आणि टाक्यावर ठरतं. म्हणून रंगांचं नंतर बघू.

मोठ्या माणसाची गोधडी 60 इंच रुंद आणि 84 इंच लांब धरा, म्हणजे पाच फूट बाय सात फूट. पहिल्यांदाच शिवत असाल तर लेकराच्या दुपट्यापासून सुरुवात करा, 36 बाय 36 इंच. शिकायचं ते सगळं त्यात येतं आणि काम चौथा हिस्सा असतं.

थर किती घालायचे ते हवेवर. परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तिथं पाच थर लागतात. उन्हाळ्यात गच्चीवर पहाटे ओढायला तीन पुरतात. सहाच्या पुढं मात्र जाऊ नका. सुई सरळ उतरत नाही, टाका लांबतो, आणि धुतल्यावर आतला थर दिवसभर ओला राहतो. जाडजूड वाकळच हवी असेल तर थर वाढवण्यापेक्षा आत एखादी जुनी सुती चादर घाला.

आतल्या थरांना जुनं धोतर सगळ्यात चांगलं. मऊ असतं, आटायचं तेवढं आटलेलं असतं आणि सुई त्यातून लोण्यासारखी जाते. अस्तराला, म्हणजे अंगाशी येणाऱ्या बाजूला, सुती इरकल लुगडं घ्या. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे सुमारे 323 इंच, आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण 46 इंच. आधी एका बाजूचा काठ पूर्ण लांबीभर कापून वेगळा ठेवा. तो गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला लागतो. मग पदर कापून टाका. इरकलीच्या पदरात रेशमी धागा असतो, तो लवकर विरतो आणि सुती कापडाबरोबर एकसारखा आटत नाही. उरलेल्या लांबीतून 86 इंचांचे तीन तुकडे निघतात, प्रत्येक सुमारे 42 इंच रुंद. तिसरा तुकडा उभा मधोमध फाडा आणि एकेक अर्धा पहिल्या दोघांना जोडा. 62 इंच रुंदीचे दोन थर तयार. एक अस्तर, एक आत. दुसऱ्या बाजूचा काठ या तुकड्यांवर राहिलेलाच असतो; तो बाहेरच्या कडेला येईल असा जोडा, मधे आला तर तिथं सुई अडते. दोन्ही थरांचे जोडही एकावर एक येऊ देऊ नका, एकाचा डावीकडं तर दुसऱ्याचा उजवीकडं.

लुगडं बसायच्या जागी विरलेलं असणारच. कापड उजेडाकडं धरून बघा. जिथं जाळी दिसते तिथं आतून धोतराचा तुकडा लावून घ्या. अख्खा थर विरलेला असेल तर मोह सोडा. नवा दोरा विरलेल्या कापडाला कापत जातो आणि टाक्यांच्या ओळीवरच गोधडी फाटते.

आता वरचा थर. शिंप्याकडचं कातरण पोत्याने मिळतं, पण त्यात निम्मं टेरिकॉट आणि पॉलिस्टर असतं. ओळखायला धागा जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते; पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. दोन्ही एकाच गोधडीत घातलं तर सुती तुकडा आटतो, पॉलिस्टर आहे तसा राहतो आणि शेजारी शेजारी फुगे येतात. पैठणीचा किंवा कुठलाही जरीकाठ टाळा, तुटलेली जर अंगाला टोचते. हिमरूच्या तुकड्याच्या मागे सुटे धागे असतात. वापरायचाच असेल तर मागे पातळ सुती कापड लावून मग घ्या.

नव्या कापडाची खळ धुऊन काढल्याशिवाय कात्री लावू नका. लाल, गर्द निळा, काळा आणि मेंदी रंग वेगवेगळे भिजवा, पाण्यात पांढरी चिंधी टाका. चिंधी रंगली की पुन्हा धुवा. तीन-चार पाण्यांनंतरही रंग सुटत असेल तर तो तुकडा बाजूला काढा. मिठाच्या पाण्यावर भरवसा ठेवू नका. सुटणारा रंग मिठाने बांधला जात नाही, आणि एक लाल ठिगळ शेजारच्या चार पांढऱ्यांना गुलाबी करतं.

चौकोन 6 इंचांचे ठेवले तर रुंदीत 10 आणि लांबीत 14, एकूण 140. चारी बाजूंना पाव इंच शिवण धरून साडेसहा इंचांचे कापा. नवं कापड घेतलं तर 44 इंच पन्ह्याचं चार मीटर लागतं, कातरण असेल तर वजनाने पाऊण किलो घ्या, कारण आडवेतिडवे तुकडे वाया जातात. पुठ्ठ्याचा साडेसहा इंची साचा करा, आणि तो प्रत्येक वेळी कापडाच्या उभ्या धाग्याला धरून ठेवा. तिरका कापलेला चौकोन शिवताना ताणतो आणि सगळी रांग वाकडी होते. शिवणीतही हात सैल नको. प्रत्येक जोडात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त गेला तर 14 तुकड्यांच्या रांगेत दीड इंचाहून जास्त लांबी खाल्ली जाते. एका रांगेच्या शिवणी उजवीकडं मोडून इस्त्री करा, पुढच्या रांगेच्या डावीकडं, म्हणजे चौकोनांचे कोपरे नेमके बसतात आणि जोडावर गाठ येत नाही.

रंग मांडायची एकच रीत कामाला येते: जमिनीवर सगळे 140 पसरा, दोन पावलं मागे सरा आणि डोळे बारीक करून बघा. कोण उठून दिसतो ते लगेच कळतं. गर्द आणि फिका आलटून पालटून ठेवला की कुठलेही रंग एकमेकांशी जमतात. खणाचे तुकडे भडक असतात. ते एका जागी न ठेवता विखरून लावा. रंगसंगतीवर फार डोकं खपवू नये असं माझं मत आहे. गोधडीत एखादा विसंवादी तुकडा खपून जातो, टाक्याचा झोल मात्र लपत नाही.

थर लावताना अस्तर उलटं करून पुसलेल्या फरशीवर पसरा आणि कडा चिकटपट्टीने धरा. सपाट हवं, ताणलेलं नको; ताणलेलं अस्तर पट्टी काढल्यावर मागे येतं आणि मग सुरकुत्या पडतात. त्यावर आतले थर, वर रंगीत थर सुलटा. आता कच्चे टाके, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारे लांब टाके. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून लोक टाळतात, आणि बहुतेक गोधड्या इथंच बिघडतात. मधोमध सुरुवात करून बाहेर जा, टाक्यांच्या दोन ओळींत चार इंच अंतर ठेवा.

पक्का टाका पारंपरिक रीतीने कडेपासून सुरू होतो आणि चारी बाजूंनी फिरत आत जातो. दिसतो देखणा, पण प्रत्येक फेरीत कापड थोडं थोडं मधे ढकललं जातं आणि शेवटी पोटात फुगा उरतो. कच्चे टाके नीट असतील तर तो येत नाही. तरी आलाच तर कापड दाबून बसवू नका, शेवटच्या तीन-चार फेऱ्या उसवा आणि पुन्हा घाला. दोन फेऱ्यांत एक इंच अंतर पुरेसं आहे, अर्ध्या इंचाने गोधडी घट्ट आणि टिकाऊ होते. इंचात चार-पाच टाके वर दिसले पाहिजेत, आणि सुई प्रत्येक वेळी अस्तरापर्यंत उतरते का ते उलटून बघत राहा.

दोऱ्याचा हिशोब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी, भागिले ओळींतलं अंतर. 60 गुणिले 84 म्हणजे 5040 इंच. एक इंच अंतराला सुमारे 128 मीटर. टाक्यांत आणि गाठींत जाणारा धरून 160 मीटर घ्या. अर्ध्या इंचाला दुप्पट. जाड सुती दोरा एकेरीच वापरा, दीड हातापेक्षा लांब घेऊ नका, मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या म्हणजे गुंता कमी होतो. गाठ थरांच्या आत ओढा. दाभण पोती शिवायला ठीक आहे. गोधडीत त्याची भोकं राहतात आणि तिथून कापड फाटतं. लांब, बारीक सुई आणि मधल्या बोटात अंगुस्तान.

मशीनवर घालायची तर 16 नंबरची सुई, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर, पायाचा दाब कमी. मशीनचे दात फक्त खालचं कापड ओढतात, वरचं मागे राहतं, म्हणून इथं मधून बाहेर जा. मिळाला तर वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही सोबत ओढणारा मशीनचा पाय लावा.

गोटाला परिघ 288 इंच, जोड-कोपरे धरून 300. सुरुवातीला कापून ठेवलेला लुगड्याचा काठ 323 इंच आहे, तो चारी बाजूंना एकसंध पुरतो. चार इंची काठ मधे दुमडून कड आत घ्या आणि कोपऱ्यावर तिरकी घडी घाला. फक्त तो लाल काठही आधी पांढऱ्या चिंधीच्या परीक्षेतून गेलेला असू द्या.

पाच थरांची गोधडी साधारण दोन किलो भरते आणि भिजल्यावर कितीतरी जड होते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडं गोधडी वरचेवर धुणं परवडत नाही. महिन्यातून एकदा कडक उन्हात उलटी टाकून झटका, धुणं वर्षातून एक-दोनदाच. धुताना पिळू नका, पिळल्याने टाके तुटतात. बाजेवर पसरून पाणी निथळू द्या आणि अर्धी वाळली की उलटा.