केबल काढली तर आईंच्या मालिकांचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. इंदुरातल्या मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो: "केबल काढून स्टिक लावायची आहे, पण आईंच्या मालिका दिसतील ना?"

दिसतील. स्टिक म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावायचं, नेटवरून अ‍ॅप चालवणारं छोटं उपकरण. 2019 पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाने पे चॅनेल सुटे घेता येतात, तरी इथल्या तयार पॅकमध्ये हिंदीचाच भरणा असतो आणि मराठी वरून जोडून घ्यावं लागतं. अ‍ॅपवर ती कटकट नाही, पण सगळं एका ठिकाणीही नाही. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी5वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. चारही वर्गण्या भरल्यात तर केबलच बरी होती म्हणाल. आई खरोखर काय बघतात ते आठवडाभर टिपून ठेवा आणि तेवढंच घ्या. मोबाइलच्या रिचार्जसोबत आलेल्या वर्गणीवर विसंबू नका, ती बहुधा फोनपुरतीच असते.

आता स्टिक. इथल्या जेल रोडच्या बाजारातून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, बिघाड होतो तो पुढेच. टीव्हीला यूएसबी पोर्ट दिसला की लोक स्टिकची वायर तिथेच खोचतात. जुन्या टीव्हीचा तो पोर्ट बहुतेक वेळा 0.5 अँपिअर देतो आणि स्टिकला हवा 5 व्होल्ट, 1 अँपिअर. मेनू उघडतो, मालिका सुरू होते आणि दहा मिनिटांत स्टिक आपोआप रिस्टार्ट. तक्रार मात्र "नेट खराब आहे" अशी येते. डब्यातला अ‍ॅडाप्टर भिंतीच्या सॉकेटलाच लावा. सोबत आलेला एचडीएमआय एक्स्टेंडर, म्हणजे स्टिक टीव्हीपासून जरा लांब ठेवणारी छोटी वायर, तीही फेकू नका. भिंतीला चिकटलेल्या टीव्हीमागे स्टिक तापते, आणि पत्र्याआड वाय-फायही नीट पोचत नाही.

वाय-फायचं म्हणाल तर राउटर त्याच खोलीत असेल तर 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क जोडा, मध्ये जाड भिंती असतील तर 2.4. रामबागेतल्या जुन्या घरांत 2.4च चालतं. फुल एचडीला 5 एमबीपीएस वेग पुरे, म्हणजे 100 एमबीपीएसचा प्लॅन केवळ टीव्हीसाठी घेऊ नका. डेटा तासाला जास्तीत जास्त 3 जीबी धरा. रोज पाच तास टीव्ही चालला तर महिन्याला 450 जीबीपर्यंत.

पावसाळ्यात लाइट गेली आणि टीव्ही इन्व्हर्टरवर असला, तरी राउटर नसतो. 12 व्होल्टचा राउटरवाला छोटा यूपीएस घ्या. आधी राउटरच्या अ‍ॅडाप्टरवर व्होल्टेज वाचा, सगळे 12चे नसतात.

खरी परीक्षा रिमोटची. केबलवर आकडा दाबला की चॅनेल लागतं. इथे होम, मग अ‍ॅप, मग प्रोफाइल, मग मालिका. शिवाय "साडेआठला लागते" हे गणितच उरत नाही. आईंना हव्या त्या दोन अ‍ॅपना होम स्क्रीनवर सगळ्यात पुढे आणा आणि नको ती काढून टाका. बहुतेक स्टिकमध्ये जागा 8 जीबीच असते, त्यातली पाचेक हाती लागते. ती भरली की सगळं रेंगाळतं. फायर टीव्ही या अमेझॉनच्या स्टिकचा रिमोट मुका झाला तर सेल बदला, तरीही नाही चालला तर होम बटण 10 सेकंद दाबून धरा. स्टिक अडकली तर मधलं बटण आणि प्ले एकत्र 5 सेकंद.

क्रिकेटवाल्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: अ‍ॅपवरचं थेट प्रक्षेपण केबलच्या काही सेकंद मागे असतं. विकेट पडल्याचं शेजारच्या आरोळीवरून कळतं.

केबल लगेच बंद करू नका, एक महिना दोन्ही ठेवा. नेटही त्याच केबलवाल्याकडून असेल तर टीव्ही काढल्यावर नेटचा दर किती लागेल ते आधी विचारा; एकत्र बिलात तो लपलेला असतो. केबलचा डबा (सेट-टॉप बॉक्स) परत करताना अ‍ॅडाप्टर आणि रिमोट मोजून द्या, डब्याचा नंबर लिहिलेली पावती घ्या, नाहीतर चार महिन्यांनी वसुलीवाला दारात येतो.