छतातून वाजलेली व्हायोलिनं

ओस्लोजवळच्या एका चर्चमध्ये रेकॉर्डिंग होतं, पण ऑर्केस्ट्रा समोर बसलाच नव्हता. मधोमध माइकचं झाड, खाली सात माइक, त्यांच्यावर साधारण मीटरभर उंचीवर आणखी चार, आणि वादक भोवती गोल करून, तोंडं आत. डॉल्बी ॲटमॉस ही चोहोबाजूंनी आणि वरूनही आवाज ऐकवणारी पद्धत. तिच्या 7.1.4 मांडणीत ऐकणाऱ्याभोवती सात स्पीकर आणि छताला चार असतात (मधला 1 म्हणजे फक्त खर्जाचा स्पीकर). इथे त्या अकरांतल्या प्रत्येकाला एकेक माइक. नॉर्वेत हा प्रकार साउंड इंजिनिअर मॉर्टन लिंडबर्ग यांनी रुजवला. निदारोस कॅथेड्रलमधल्या त्यांच्या रेकॉर्डिंगला 2020 साली इमर्सिव्ह ऑडिओचं, म्हणजे अशा चोहोबाजूंच्या आवाजाचं, ग्रॅमी मिळालं.

मी मुंबईत फिल्म मिक्सिंग करून गेलेला. व्हायोलिनला वेगळा माइक, चेलोला वेगळा, बाकी ‘मिक्समध्ये बघू’. इथे जवळचा माइक एकही नाही, म्हणजे नंतर बघायला काही शिल्लकच नाही.

पहिला टेक ऐकताना सगळ्यांच्या माना वर गेल्या. व्हायोलिनं चक्क छतातून वाजत होती! माझा हात सवयीने वरच्या चार माइकच्या फेडरकडे, आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीकडे, गेला. प्रोड्यूसर बाई म्हणाल्या, “ते खाली ओढलेस तर चर्चही जाईल.” पटलं. चर्चचा घुमारा त्या चारांतच जास्त होता.

आपले कान डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे डाव्या स्पीकरमधून आवाज काही मिलिसेकंद आधी आला की तो डावीकडूनच आल्यासारखा वाटतो. वर-खाली ही युक्ती चालत नाही. वरच्या माइकमध्ये वाद्याचा थेट आवाज जोरात शिरला, की उशिरा येऊनही तो वाद्याला वर ओढतो. बाईंनी चारही माइक उतरवून कार्डिऑइड जातीचे माइक लावले आणि त्यांची तोंडं छताकडे केली. पाठीमागून येणारं त्यांना फारसं ऐकू येत नाही. व्हायोलिनं जमिनीवर आली.

मग खुर्च्या. डबल बास जड वाटतोय? बासवाल्याला मागे न्या. क्लॅरिनेट हरवतंय? एक पाऊल पुढे. फेडर चालवायचा तो असा, जमिनीवर टेप चिकटवत. कंडक्टरची यात चिडचिड झाली, आणि माझ्या मते ती रास्तच होती. त्याच्या इशाऱ्यांच्या सगळ्या दिशा बदलल्या होत्या.

बासवाला सरकत सरकत थेट दाराशी पोचला. तिथे बोचरं वारं. हीटर दिलात तरच वाजवीन, म्हणाला. हीटर दिला, तर त्याची घरघर अकराही माइकमध्ये. त्यामुळे उरलेला दिवस माझ्याकडे एकच जबाबदारी होती: टेक सुरू होताना हीटर बंद, संपला की चालू.